वयस्कर माणसाचं पोट दुखतंय: इमर्जन्सीत नेताना आणि नेल्यावर काय करायचं

पासष्टी ओलांडलेल्या माणसाच्या पोटात दुखायला लागलं की घरात पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. कधी कधी तो खराही असतो. पण पोटदुखीसाठी इमर्जन्सीत येणाऱ्या या वयाच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना भरती करावं लागतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर शस्त्रक्रियेची वेळ येते. तरुणांमध्ये हे प्रमाण खूपच कमी असतं.

अडचण अशी की उतारवयात पोटातला मोठा आजारसुद्धा बाहेरून लहान दिसतो. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडलं तर तरुण माणसाचं पोट कडक होतं, हात लावू देत नाही, ताप चढतो, नाडी धावते. वयस्कर माणसाच्या पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, त्यामुळे पोट मऊच राहू शकतं. ताप येईलच असं नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतीलच असंही नाही. अनेक वर्षांच्या मधुमेहात पोटातल्या नसांची जाणीव मंदावलेली असते. त्यात रोजच्या गोळ्यांची भर पडते. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल यांसारखी औषधं नाडी वाढूच देत नाहीत, आणि प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स दाह आणि दुखणं दोन्ही झाकतात.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: या वयात दुखणं किती आहे यावरून आजार किती मोठा आहे हे ठरवायचं नाही. ते ठरतं दुखणं कसं सुरू झालं, सोबत काय काय होतंय आणि अंगात आधीचे कोणते आजार आहेत यावरून. ही माहिती बहुतेक वेळा फक्त घरच्यांकडे असते.

१. थांबायचं की निघायचं, हे आधी ठरवा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट बघू नका. रुग्णवाहिका बोलवा किंवा ताबडतोब निघा.

- दुखणं अचानक, काही सेकंदांत किंवा मिनिटांत पूर्ण जोरात सुरू झालं. किंवा त्याने झोपेतून उठवलं
- दुखता दुखता चक्कर आली, शुद्ध हरपली, दरदरून घाम फुटला, अंग गार पडलं
- पोट फुगलंय, उलट्या होताहेत, आणि शौचही नाही, वारासुद्धा सरत नाही
- उलटी हिरवी, रक्ताची किंवा शौचासारखा वास असलेली आहे. शौच डांबरासारखी काळी किंवा लाल आहे
- पोटदुखीबरोबर दम लागतोय, छातीत दडपण आहे, किंवा पाठीत, कमरेत कळ जातेय
- डोळे पिवळे झालेत आणि हुडहुडी भरतेय
- जांघेत किंवा बेंबीपाशी गाठ आलीय, ती दुखतेय आणि आत जात नाही
- बोलणं असंबद्ध झालंय, सारखी गुंगी येतेय, किंवा कालपर्यंत चालणारा माणूस आज उठत नाही

यातलं काही नसलं तरी या वयात नव्याने सुरू झालेलं दुखणं सहा तासांत पूर्ण थांबलं नाही, तर डॉक्टरांनी पोट तपासायलाच हवं. फोनवर विचारून गोळी घेणं इथे पुरत नाही. पोटाला हात लावल्याशिवाय कुणीच काही खात्रीने सांगू शकत नाही.

स्मृतिभ्रंश असलेली माणसं ‘पोट दुखतं’ असं म्हणतीलच असं नाही. ती जेवण नाकारतात, कण्हतात, पाय पोटाशी घेऊन पडून राहतात, कूस बदलताना हात झटकतात, किंवा एरवी शांत असताना अचानक चिडतात. असा बदल दिसला की पोटावर हलका हात ठेवून चेहऱ्याकडे बघा. कपाळावर आठी आली तर ते उत्तर समजा.

२. निघण्यापूर्वी घरात काय करायचं नाही

तोंडाने काही देऊ नका. शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी करावी लागली तर पोट रिकामं असणं फायद्याचं असतं, आणि उलट्या होत असताना दिलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं ते लिहून ठेवा. भूल देणारे डॉक्टर हा प्रश्न विचारणारच.

जुलाबाचं औषध आणि एनिमा देऊ नका. आतडं पुढे बंद झालेलं असेल तर जुलाबाच्या औषधाने मागून रेटा वाढतो, आणि फुगलेल्या, पातळ झालेल्या आतड्याला भोक पडू शकतं.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नका. जठराच्या अल्सरमधून रक्तस्राव होण्याचं आणि त्याला छिद्र पडण्याचं हे या वयातलं मोठं कारण आहे. शरीरात पाणी कमी असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरी साखर तपासता येत असेल तर आकडा लिहून घ्या आणि पोहोचल्या पोहोचल्या विचारा.

३. सोबत घ्यायच्या वस्तू

सगळं शोधत अर्धा तास घालवू नका. वेळ नसेल तर पहिल्या दोन गोष्टी उचला आणि निघा, बाकीचं कुणीतरी मागून आणेल.

- चालू औषधं, त्यांच्या पाकिटांसकट. यादीपेक्षा पाकिटं बरी, कारण त्यावर मिलिग्रॅम असतात आणि किती गोळ्या संपल्यात तेही दिसतं
- शेवटचं डिस्चार्ज कार्ड, पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे कागद
- जुना ईसीजी. नव्या ईसीजीतला बदल ताजा आहे की जुनाच, हे याशिवाय ठरवणं अवघड जातं
- अलीकडचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या चाचणीची, वही
- पूर्वीची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, फिल्मसकट
- औषधांची ॲलर्जी, विशेषतः सीटीच्या वेळी देतात त्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनची
- ओळखपत्र, विम्याचे कागद, जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर
- चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि ती ठेवायला डबी

शेवटची ओळ किरकोळ वाटेल, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. दिसत नाही, ऐकू येत नाही, आजूबाजूला अनोळखी माणसं आणि रात्रभर दिवे, अशा अवस्थेत वयस्कर माणसाला काही तासांत भ्रम होऊ शकतो. मग पोट तपासणंही अवघड होतं.

औषधं गोळा करताना रोजच्या डब्याबाहेर पडलेल्या गोळ्याही बघा. गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली वेदनाशामक गोळी, सर्दीची गोळी, कुणीतरी सुचवलेली पुडी, काढा. ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला यातलं काहीच उत्तरात येत नाही, आणि नेमकं तिथेच कारण सापडतं. सर्दीच्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते, आणि खालच्या पोटातली कळ त्यामुळेच असू शकते.

४. दारात पोहोचल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय सांगायचं

इमर्जन्सीत आधी ट्रायाज होतो. म्हणजे एक नर्स किंवा डॉक्टर थोडक्यात ऐकून, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन बघून कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवतात. इथे ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगितलंत तर रुग्ण रांगेत मागे जाऊ शकतो. असं सांगा:

“वय ७८. पहाटे ४ वाजता झोपेत अचानक कळ आली, तेव्हापासून थांबलेली नाही. दोनदा उलटी, एकदा पातळ शौच. हृदयाचे ठोके अनियमित असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, पण चार दिवस घेतलेली नाही.”

एवढं ऐकल्यावर अनुभवी माणसाच्या डोक्यात लगेच आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका येते, आणि ती यायलाच हवी.

रोजचा रक्तदाब माहीत असेल तर तो जरूर सांगा. एरवी १५० असणाऱ्या माणसाचा वरचा आकडा आज ११० आला तर मॉनिटरवर तो चांगला दिसतो, पण त्या माणसासाठी तो कमी आहे. तापाचंही तसंच: ३७.८ सेल्सिअस, म्हणजे साधारण १०० फॅरनहाइट, हा या वयात ताप धरायचा. ताप आला नाही म्हणून संसर्ग नाही, असं मात्र धरायचं नाही.

पुढे डॉक्टर विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं वाटेतच तयार ठेवा. दुखणं कुठे सुरू झालं आणि आता कुठे आहे? आधी दुखलं की आधी उलटी झाली? आधी दुखून मग उलटी झाली असेल तर शस्त्रक्रियेचा आजार असण्याची शक्यता वाढते. शेवटची शौच कधी, शेवटचा वारा कधी सरला? लघवी शेवटची कधी आणि किती? गेल्या काही महिन्यांत जेवल्यावर पोट दुखायचं का, त्या भीतीने खाणं कमी झालं का, वजन उतरलं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते न विचारता सांगा. आतड्याला रक्त कमी पोहोचत असल्याची ती जुनी खूण असते.

रुग्ण बोलू शकत असेल तर आधी त्यांना बोलू द्या. तुम्ही भर घाला, त्यांच्या वतीने सगळं सांगून टाकू नका.

५. तपासणीत काय काय व्हायला हवं

ईसीजी. पोट दुखतंय आणि छातीवर तारा का लावताहेत, असं विचारून अडवू नका. हृदयाच्या खालच्या भागातला झटका वरच्या पोटातल्या दुखण्याने आणि मळमळीने सुरू होऊ शकतो, आणि वयस्कर स्त्रियांमध्ये व मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याची तक्रार नसण्याची शक्यता जास्त असते. हृदयविकाराची शंका असेल तर पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा असा नियम आहे. बेंबीच्या वर दुखत असेल आणि तो झाला नसेल तर आठवण करा.

कपडे बाजूला करून पूर्ण तपासणी. दोन्ही जांघा बघितल्या गेल्या पाहिजेत. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या स्त्रियांमध्ये जांघेतला फीमोरल हर्निया सुपारीएवढा असू शकतो आणि त्यात आतड्याचा तुकडा अडकलेला असू शकतो. पोट फुगलं म्हणून सगळे पोटच बघत राहतात. पाठ आणि कूस बघितली तर एका बाजूला नागिणीचे फोड सापडू शकतात. फोडांच्या आधी काही दिवस नुसतं दुखणंच असतं. गुदद्वारातून बोटाने तपासणी नको वाटते, पण साचलेली कडक शौच, काळं रक्त आणि गुदाशयातली गाठ तिथेच कळते. रुग्णाला आधी नीट समजावून सांगा, आडपडदा लावायला सांगा, पण नकार देऊ नका.

रक्त आणि लघवी. रक्तातल्या पेशी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, यकृताच्या चाचण्या, लायपेज (स्वादुपिंडासाठी), लॅक्टेट (शरीरात कुठे रक्त कमी पोहोचतंय का यासाठी), गरजेप्रमाणे ट्रोपोनिन (हृदयासाठी), आयएनआर आणि रक्तगट. लायपेज वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर स्वादुपिंडाचा दाह धरतात. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतानाही सुरुवातीच्या तासांत लॅक्टेट नॉर्मल येऊ शकतं. पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या म्हणून अपेंडिक्स किंवा पित्ताशयाचा दाह नाही, असंही म्हणता येत नाही. थोडक्यात, वाईट आलेला रिपोर्ट बरंच काही सांगतो. चांगला आलेला फार थोडं.

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कीटोन तपासायला सांगा. या गोळ्यांवर साखर फारशी न वाढता रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ते पोटदुखी व उलट्यांच्या रूपात समोर येतं.

खाटेपाशी सोनोग्राफी. महाधमनी फुगली आहे का, पित्ताशयात खडे आणि सूज आहे का, मूत्राशय तुंबलाय का, पोटात पाणी किंवा रक्त आहे का, हे काही मिनिटांत दिसतं. पोटातल्या महाधमनीचा व्यास ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती फुगलेली समजतात. अशा रुग्णाला पोटदुखी असेल आणि रक्तदाब उतरत असेल तर ती फुटल्याचं गृहीत धरून थेट शस्त्रक्रियेच्या दिशेने हालचाल सुरू होते.

सीटी स्कॅन. या वयाच्या पोटदुखीत सर्वांत जास्त उत्तरं यातून मिळतात. साध्या एक्स-रेवर भागवू नये. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली मोकळी हवा दिसली तर छिद्र पडलंय हे नक्की. दिसली नाही तर पडलं नाही, असं नक्की नाही. कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंडाला त्रास होईल ही भीती अनेकांना असते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टर तोलून ठरवतात, पण रक्तवाहिनी बंद पडल्याची शंका असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंतही थांबत नाहीत, कारण आतडं काही तासांत मरतं. त्या शंकेत शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करतात. तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजण्यात वेळ घालवत नाहीत. मूत्रपिंडाचं काम फार कमी असेल, म्हणजे ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३०च्या खाली असेल किंवा मूत्रपिंड अचानक बिघडलेलं असेल, तर मेटफॉर्मिन थांबवतात आणि ४८ तासांनी मूत्रपिंड पुन्हा तपासून सुरू करतात. पेसमेकर असेल तरी सीटी करता येतो; पेसमेकरबद्दलची काळजी एमआरआयसाठी असते.

६. दुखण्यावर औषध मागा

‘आत्ता वेदनाशामक दिलं तर निदान लपेल’ हा समज अजूनही ऐकू येतो. तो जुना आहे. वेळेवर वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही. उलट रुग्ण शांत झाल्यावर पोट नीट तपासता येतं. शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम देतात, वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम. त्याने भागलं नाही तर मॉर्फिन किंवा फेंटानिल ही जास्त जोरदार वेदनाशामकं. या वयात मॉर्फिन २-२ मिलिग्रॅम असं थोडं थोडं, श्वासाकडे लक्ष ठेवून देतात. मूत्रपिंड अधू असेल तर फेंटानिल बरं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणलं गेलं तर ‘क्रिएटिनिन बघितलं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे’ एवढं नम्रपणे विचारा.

सलाईनचा वेगही विचारण्यासारखा आहे. हृदय अशक्त असेल तर ते आधीच सांगा. अशा वेळी एकदम बाटली सोडण्याऐवजी २५० मिलिलिटर देऊन पुन्हा तपासतात.

७. ही निदानं घाईने स्वीकारू नका

बहुतेक चुका इथे होतात. पुढची पाचही निदानं खरी असू शकतात, पण या वयात ती सर्वांत शेवटी, बाकीचं नाकारल्यावर करायची असतात.

‘गॅस्ट्रो आहे.’ उलट्या आणि जुलाब दोन्ही असतील तरच हा शब्द वापरावा, आणि तेव्हाही जपून. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक थांबला की सुरुवातीला आतडं जोरात आकुंचन पावतं, उलटी होते आणि पातळ शौचही होते. ओळखायची खूण म्हणजे तक्रार आणि तपासणी यांतली तफावत: रुग्ण तळमळत असतो आणि पोट मऊ लागतं. ज्यांचे ठोके अनियमित आहेत, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, अशांमध्ये ही तफावत दिसली तर सीटी अँजिओग्राफीबद्दल स्पष्ट विचारा. काही तासांनी दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं, तेव्हा घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण तो आतड्याच्या नसा मरत चालल्याचा काळ असू शकतो.

‘बद्धकोष्ठता आहे.’ बद्धकोष्ठता या वयात इतकी सर्रास आढळते की ती सापडली की शोध थांबतो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली असणं, हर्निया, मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला पीळ पडणं, यांतही शौच होत नाही. पीळ पडणं हे अंथरुणाला खिळलेल्या, अनेक वर्षं शौचाची तक्रार असणाऱ्यांमध्ये जास्त दिसतं आणि पोट एकाच बाजूला जास्त फुगतं. याउलट साचलेल्या कडक शौचाच्या कडेने पातळ पाणी झिरपतं आणि घरचे त्याला जुलाब समजून शौच थांबवणारी गोळी देतात. तीही देऊ नका.

‘लघवीत इन्फेक्शन आहे.’ वयस्कर माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकलं असेल तर लघवीत पेशीही दिसतात. लघवीला जळजळ नाही, वारंवार लागत नाही, तर नुसत्या लघवीच्या रिपोर्टवर पोटदुखीचं कारण ठरवू नये.

‘मुतखडा आहे.’ साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, त्यातही तंबाखू ओढणाऱ्या पुरुषाला, तर फुगलेली महाधमनी आधी नाकारायला हवी. ती फुटतानाची कळ हुबेहूब कमरेतून जांघेत उतरते आणि लघवीत रक्तही दिसू शकतं. पोटात धडधडणारी गाठ हाताला लागेलच असं नाही.

‘ॲसिडिटी आहे.’ ईसीजी आणि लायपेज झाल्याशिवाय नाही. पित्ताशयाचा दाह तर या वयात शस्त्रक्रिया लागणाऱ्या पोटदुखीचं सर्वांत मोठं कारण आहे, आणि त्यात उजव्या बरगडीखाली दुखण्याऐवजी नुसती मळमळ, अशक्तपणा आणि भूक नसणं एवढंच असू शकतं. ताप, कावीळ आणि हुडहुडी एकत्र असतील तर पित्तनलिकेत संसर्ग असण्याची दाट शक्यता असते; अँटिबायोटिक लगेच सुरू करून अडलेलं पित्त बाहेर काढावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना खोकल्याच्या उबळीनंतर पोटाच्या एका बाजूला दुखरी गाठ आली तर तो स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. हेही सांगायचं राहून जातं.

८. कारण सापडलं नाही तर

सीटी नॉर्मल, रक्त ठीक, तरी दुखतंय, असं बऱ्याचदा होतं. तेव्हा घाईने घरी नेऊ नका. निरीक्षणाखाली ठेवून काही तासांनी त्याच डॉक्टरांनी पोट पुन्हा तपासणं ही स्वतःच एक चाचणी आहे. लॅक्टेट आणि पेशी पुन्हा बघतात, शल्यचिकित्सकांचं मत घेतात. दोन तपासण्यांच्या मध्ये तुम्ही वेळ टाकून नोंदी ठेवा: दुखणं किती, उलटी, लघवी, वारा सरला का. शिफ्ट बदलते तेव्हा नव्या डॉक्टरांना ही नोंद दाखवा. निरोप हरवण्याची सर्वांत मोठी शक्यता त्याच वेळी असते.

या वेळात एक माणूस कायम जवळ असावा. चष्मा, श्रवणयंत्र लावलेलं असावं. लघवीची नळी गरज असेल तरच ठेवावी आणि ती गरज रोज विचारावी.

९. शस्त्रक्रियेचा निर्णय आला तर

संमतीपत्रावर सही करण्याआधी हे प्रश्न विचारा. शस्त्रक्रिया न केल्यास पुढच्या एक-दोन दिवसांत काय होण्याची शक्यता आहे? कमी त्रासाचा पर्याय आहे का? पित्ताशयात त्वचेतून नळी घालून पू काढता येतो, पीळ पडलेलं आतडं दुर्बिणीने सोडवता येतं, अडलेल्या आतड्यात कधी स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालता येतो. पोटावर पिशवी लावावी लागेल का, तात्पुरती की कायमची? आयसीयू आणि व्हेंटिलेटर लागेल का? आज जितकं चालतात, स्वतःचं स्वतः करतात, तितकं परत करू शकतील का?

केवळ वयाचा आकडा बघून नकारही देऊ नका आणि होकारही. ठरलेला एकच मार्ग इथे नसतो; माणूस महिनाभरापूर्वी किती हिंडता-फिरता होता यावर बरंच अवलंबून असतं. सगळ्यांत आधी ज्यांचं पोट आहे त्यांना विचारा. वेदनेवर औषध देऊन, श्रवणयंत्र लावून, साध्या शब्दांत. त्यांनी पूर्वी कधी ‘मला नळ्या लावू नका’ किंवा ‘मला जगायचंय, काय हवं ते करा’ असं सांगितलं असेल तर ते डॉक्टरांपुढे ठेवा.

१०. घरी पाठवलं तर

निघण्याआधी एवढं झालंय ना ते बघा: दुखणं आटोक्यात आहे, नाडी-रक्तदाब ठीक आहे, थोडं खाऊन-पिऊन पोटात टिकलंय, लघवी झालीय, आणि नेहमीसारखं चालता येतंय. यातलं एक जरी नसेल तर तसं सांगा. रात्री घरी एकटं राहणाऱ्या माणसाला पाठवू नये.

१२ ते २४ तासांत पोट पुन्हा कोण, कुठे तपासणार हे ठरवून घ्या. दुखणं वाढलं किंवा परत आलं, उलटी झाली, ताप आला, पोट फुगलं, चक्कर आली, गुंगी आली, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता परत या, आणि जुना सीटी सोबत आणा.

डिस्चार्ज कार्डावर थांबवलेल्या प्रत्येक औषधापुढे पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांत सर्वांत जास्त गोंधळ होतो: एक तर कायमच्या बंद राहतात, किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतात. सीटीचा पूर्ण छापील रिपोर्ट मागा, कारण पोटदुखीशी संबंध नसलेल्या गोष्टी त्यातच शेवटी लिहिलेल्या असतात. महाधमनी ४ सेंटिमीटर फुगलेली आहे असं त्यात असेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहावी लागते, पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार करतात. मोठ्या आतड्याच्या डायव्हर्टिक्युलायटिसवर, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांच्या दाहावर, उपचार झाले असतील आणि अलीकडे कोलोनोस्कोपी झालेली नसेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी ती करून घ्यायची की नाही हे पुढच्या भेटीत विचारा.